उत्तर नाही

मी विचारलं, शाळा आवडते का?
उलायुकने भुवया उंचावल्या.
मी लिहिलं : उत्तर नाही.

मी विचारलं, घरी कुणी मारतं का?
तिने नाक मुरडलं, एवढंसं,
शिंक येऊन परत जावी तसं.
मी लिहिलं : उत्तर नाही.
आणि समासात, बारीक अक्षरात : उद्धट?

चाळीस प्रश्नांचा तो अर्ज
दक्षिणेतून येतो, पांगनिर्तुंगच्या विमानाने,
संत्र्यांच्या आणि डायपरच्या खोक्यांसोबत.
वादळात तिन्ही अडकतात.
अर्जाची तेवढी कुणी वाट बघत नाही.

सदतिसाव्या प्रश्नाला घंटा झाली.
ती उठली, हातमोजे चढवले,
दार हळू ओढून घेतलं.
मी शिक्का मारला : असहकार.

ऊलूती कोपऱ्यात बसून
सीलच्या कातड्याचे बूट शिवत होती.
(पगारपत्रकावर ती दुभाषी आहे.
सात वर्षांत तिला मी काही विचारलं नव्हतं.)
दातांनी दोरा तोडत म्हणाली,
सदतीस वेळा विचारलंस,
सदतीस वेळा सांगितलं पोरीने.
भुवया वर म्हणजे हो.
नाक आक्रसलं म्हणजे नाही.
उणे चाळिसात तोंड उघडलं की ऊब जाते ना.

मग हसली.
हे शेवटचं आत्ता बनवलं मी.
तुम्हा लोकांना कारण लागतं.

आणि एवढे प्रश्न, म्हणाली,
आमच्यात लहान मुलं विचारतात.
समज आली की माणूस बघतं, थांबतं.
जाता जाता ती माझ्या कानात काय म्हणाली, सांगू?
सर मोठे कधी होणार?

आई न्यायला आली तेव्हा
बाहेरून हाक ऐकू आली : अताता!
अताता म्हणजे बाबा.
हेही माझ्याकडे टिपलेलं होतं,
तारीखवार : कुटुंबात भूमिकांचा गोंधळ.
चौदा वर्षांची मुलगी, आपल्या आईचे बाबा.

गोंधळ माझाच होता.
आजोबा फेब्रुवारीत गेले, ही मार्चमध्ये आली,
नाव तिच्याकडे आलं
आणि नावासोबत तेही आले.
म्हणून आई तिच्यावर आवाज चढवत नाही.
गणिताचा गृहपाठ राहिला म्हणून
जन्मदात्याला कोण दरडावतं?

त्या रात्री मी कपाट उघडलं.
एकशे बारा मुलं. माझं वळणदार अक्षर.
उत्तर नाही, उत्तर नाही,
उत्तर नाही.
चेहरे आठवत बसलो.
कुणाच्या भुवया, कुणाचं नाक.
थोडे आठवले. पुष्कळ नाहीत.

जोआमीचा अर्ज खालच्या खणात होता.
प्रश्न एकोणतीस :
जगू नये असं कधी वाटतं का?
उत्तर नाही.

हा प्रश्न मी नेहमी
कागदाकडे बघून विचारतो.
विचारायचो.
संकोच वाटतो म्हणून मान खाली,
पेन चालू.
तेवढ्या वेळात त्याचा चेहरा काय बोलला
ते समोरच्या भिंतीला माहीत.

जोआमी आता पाण्याचा ट्रक चालवतो.
मंगळवारी, शुक्रवारी माझ्या घराशी थांबतो,
नळी जोडतो,
टाकी भरल्याचा दिवा लागेपर्यंत
पाय आपटत उभा राहतो.

आज मी बाहेर गेलो, टोपी न घालता,
त्याला माझा चेहरा नीट दिसावा म्हणून.
काही विचारलं नाही.
ट्रक घरघरत होता. खाडीवरून कुत्री ओरडत होती.
दिवा लागला. त्याने नळी गुंडाळली,
एकदा माझ्याकडे बघितलं
आणि भुवया उंचावल्या.

मीही उंचावल्या.
कान बधिर झाले होते.
आम्ही दोघं कशाला हो म्हणालो,
ते कुठे लिहिलेलं नाही.